‘पर्यावरण’ नावाचा पेपर

बारावीचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरात जी गोलमेज परिषद भरते, तिचे वर्णन वाचकांना नव्याने सांगायला नको. वडील, मामा, शेजारचे निवृत्त हेडक्लार्क असे सगळे तीत हिरिरीने भाग घेतात. ज्याच्या भवितव्याचा प्रश्न असतो तो तेवढा चहाचे कप आणून देत असतो. या परिषदेत विषयांचे पाट मांडलेलेच असतात. पहिल्या पाटावर डॉक्टरी, दुसऱ्यावर इंजिनियरिंग, तिसऱ्यावर कॉम्प्युटर, आणि मग उरल्यासुरल्यांची पंगत. या पंगतीत अलीकडे एक पाहुणा येऊन बसू लागला आहे, तो म्हणजे पर्यावरणशास्त्र. त्याला ऊठ म्हणवत नाही, कारण तो सभ्य घरातला दिसतो. पण त्याला वाढायचे काय, हे कुणालाच ठाऊक नसते. “विषय चांगला आहे हो,” असे सगळे म्हणतात आणि त्याच दमात विचारतात, “पण पुढे काय?”

मी मराठीचा प्राध्यापक. या प्रश्नाचे उत्तर द्यावे असे माझ्या एम. ए.च्या पदवीत काही नाही. पण बुलढाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातल्या धामणगाव बढे येथे राहणाऱ्या मराठीच्या माणसालाही या विषयाने गाठले, आणि त्याला कारण झाला एक वकील. दिल्लीचे एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, आणि २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की पर्यावरणाची जाण लोकांना करून दिली पाहिजे. सिनेमागृहांनी खेळाच्या आधी फुकट स्लाइडी दाखवाव्या, रेडिओ-टेलिव्हिजनने कार्यक्रम करावे, आणि शाळा-कॉलेजांत हा विषय सक्तीचा व्हावा. सिनेमाच्या स्लाइडींचे पुढे काय झाले ते ज्याचे त्याने आठवावे. शिक्षणाचे घोडे मात्र बारा वर्षे पेंगत उभे राहिले, तेव्हा २००३ साली न्यायालयाला पुन्हा चाबूक काढावा लागला. मग विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम काढला. त्याचे पाठ्यपुस्तक लिहिले पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. हे गृहस्थ पेशाने शल्यविशारद. तेव्हा मराठीच्या माणसाने पर्यावरणावर चार शब्द लिहिले तर फारसे बिघडू नये.

त्या अभ्यासक्रमाची मांडणी मला आजही मोठी शहाणपणाची वाटते. आठ प्रकरणे, पन्नास तासिका, शंभर गुण. त्यांपैकी ७५ लेखी परीक्षेचे आणि २५ प्रत्यक्ष बाहेर जाऊन करावयाच्या कामाचे. शेवटच्या प्रकरणाला पाच तासिका दिल्या होत्या आणि त्यात वर्गात शिकवायचे असे काहीच नव्हते. जवळची नदी, टेकडी किंवा गवताळ रान पाहा, जवळची एखादी घाण झालेली जागा पाहा, आसपासची झाडे, किडे, पाखरे ओळखा, बस्स. पुढे नवे शैक्षणिक धोरण आले, आयोगाने २०२३ साली नवी मार्गदर्शक चौकट काढली, तासिकांची श्रेयांके झाली. पण बाहेर पडा हे सांगणे काही त्यातून गेले नाही.

कागदावर हे असे. कॉलेजचे वेळापत्रक ही मात्र निराळी विद्या आहे, आणि तिचा पहिला नियम असा की ज्याचे तास कमी भरतात त्याच्या पदरात उरले असेल ते टाकावे. त्यामुळे ठिकठिकाणी हा पेपर कधी इतिहासाकडे, कधी मराठीकडे, कधी थेट क्रीडाशिक्षकांकडे चालत येतो. मुलांनाही त्याची नाडी पक्की ठाऊक असते. कोणत्याही प्रश्नाच्या उत्तराचा आरंभ तुकोबांच्या झाडावेलींच्या अभंगाने करायचा, मध्ये ‘मानवाने निसर्गावर अत्याचार केला आहे’ हे वाक्य घालायचे आणि शेवटी एक झाड लावायचे. राहिले २५ गुण. त्यांची सोय बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात असते. एका वर्षी माझ्याकडे नदीप्रदूषणावरच्या सतरा वह्या आल्या. मुले सगळी मोताळा तालुक्यातली, आणि सतराही वह्यांत फोटो काशीच्या घाटाचा!

आमचे विद्यापीठ अमरावतीचे, १९८३ साली स्थापन झालेले, आणि त्याला नाव संत गाडगेबाबांचे. बाबांची रीत जुन्या लोकांनी पाहिलेली होती आणि आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. ते गावात आले की आधी खराटा घ्यायचे. गावचे रस्ते, नाल्या साफ व्हायच्या आणि मग रात्री कीर्तन. कीर्तनातही लोकांना उपदेश पाजण्यापेक्षा प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तर वदवायचे. आधी गाव, मग व्याख्यान, हा क्रम. आपल्या कॉलेजांनी क्रम तेवढा उलटा केला, आणि व्याख्यान इतके लांबले की गावाची पाळीच आली नाही.

सतरा वह्या परत केल्या आणि मुलांना घेऊन गावाशेजारच्या नाल्यावर गेलो. नाला काही प्रेक्षणीय नव्हे. काठाने बेशरमाची झुडपे, त्यांत अडकलेल्या पिशव्या, आणि वर सगळीकडे गाजरगवत. हे गाजरगवत आपल्याकडे प्रथम दिसले ते १९५५ साली पुण्यात, आणि ते परदेशी गव्हाबरोबर आले असे मानतात. हे सांगितल्यावर एक मुलगा त्या गवताकडे पाहतच राहिला. जन्मभर पाहिलेली वस्तू परगावची निघाली की माणूस असाच पाहतो.

तेवढ्यात बैल पाण्यावर घेऊन आलेले एक म्हातारबुवा थांबले. “काय पाहून राह्यले, सर?” म्हणाले. नाला पाहतो आहोत असे सांगितले तर त्यांना हसू आले. पण मुलांनी विचारले तसे ते बोलू लागले. त्यांच्या लहानपणी या नाल्याला दिवाळीपर्यंत धार राहत असे, झिंगे अन् खेकडे मिळत. “आता पोळ्याले पाणी असलं त दसऱ्याले नाही,” ते म्हणाले. मुलांनी ते जसेच्या तसे लिहून घेतले.

मी भाषेचा माणूस, मला ते वाक्य आवडले आणि मी तेवढ्यावर थांबलो असतो. पण आमच्याबरोबर बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाची, धामणगाव बढेचीच एक विद्यार्थिनी होती. ती म्हणाली, “सर, पोळा म्हणजे कोणती तारीख?” प्रश्न बिनतोड होता. पोळा श्रावण अमावास्येचा. २०२३ साली तो १४ सप्टेंबरला होता आणि २०२५ साली २२ ऑगस्टला. तीन आठवड्यांचा फरक. पावसाळ्यात तीन आठवडे म्हणजे नाल्याचे सारे आयुष्य. तेव्हा आजोबांची आठवण खरी मानायची, पण कोणत्या वर्षी अधिक महिना होता ते पंचांगात पाहून तिला तारखेचा खुंटा मारायचा. त्या मुलीने तसा तक्ता करून आणला. म्हाताऱ्याची भाषा, जोशीबुवांचे पंचांग आणि पर्जन्यमापकाचे आकडे एका कागदावर आले. पर्यावरणशास्त्र म्हणजे काय असे मला कुणी विचारले तर मी तो तक्ता दाखवीन.

या शास्त्रातली कित्येक मोजमापे कुठल्या तरी विशिष्ट गावची असतात, हेही मला त्या निमित्ताने कळले. पाण्यात घाण किती हे ठरवण्याची एक जुनी परीक्षा आहे. पाण्यातले जंतू ती घाण पचवताना किती प्राणवायू खातात ते मोजायचे. तिला बी. ओ. डी. म्हणतात. बाटली बंद करून पाच दिवस ठेवायची. पाचच का? तर विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात या कामासाठी रॉयल कमिशन बसले होते, आणि तिथल्या नद्यांचे पाणी समुद्राला मिळायला पाच दिवसांहून अधिक लागत नाहीत, असा हिशेब त्यामागे होता असे सांगतात. छोट्या बेटाच्या छोट्या नद्या! आमच्या तालुक्यातली नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवापाशी तापीला, आणि तापी सुरतेजवळ समुद्राला. वैशाखात तर नळगंगेत कित्येक ठिकाणी वाहायला वाळूच असते. आपल्या मानक संस्थेने पुढे या परीक्षेला २७ अंशांवर तीन दिवस असा आपल्या हवेला मानवणारा पर्याय काढला, ते बरे केले.

बाहेरच्या पाहुण्यांना आमच्या जिल्ह्याचे पर्यावरण म्हणजे लोणार. ते रास्तच आहे. उल्केच्या आघाताने झालेले ते सरोवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी झाले तेव्हा सारा देश पाहायला लागला, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत गेले. त्याच्या आदल्या वर्षी यवतमाळच्या टिपेश्वरचा एक तरुण वाघ शेकडो कोस चालून आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात आला, तेव्हाही आमची वर्णी वर्तमानपत्रांत लागली. पण जिल्ह्याच्या पोटातली खरी नवलाई कुणाला दिसत नाही. अजिंठ्याच्या रांगेने आमचे दोन भाग केले आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. घाटाखाली पडलेला पाऊस पूर्णा-तापीतून अरबी समुद्राला जातो. घाटावर पैनगंगेच्या बाजूला पडलेला वर्धा, प्राणहिता, गोदावरी असा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला जातो. एकाच गावातल्या दोन सोयरिकी, एक सुरतेकडची आणि एक राजमहेंद्रीकडची.

आता या सोयरिकीत माणूस हात घालणार आहे. भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणातून वैनगंगेचे पाणी सव्वाचारशे किलोमीटरहून लांब कालव्याने आमच्या नळगंगेपर्यंत आणण्याच्या प्रकल्पाला राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या ऑगस्टमध्ये मान्यता दिली. खर्चाचा अंदाज अठ्ठ्याऐंशी हजार कोटींच्या पुढे. विदर्भातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला त्यात आशा दिसते, आणि ती दिसू नये असे शहरात नळाखाली बादली लावून कुणी म्हणू नये. पण असा कालवा काढताना कोणाची जमीन जाते, कोणता झरा बंद होतो, कोणत्या रानाचे दोन तुकडे होतात, काळ्या मातीत पाणी मुरून पुढे ती चिबड होते की काय, हे कुणी तरी आधी मोजले पाहिजे. २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेने अशा मोजणीची रीत घालून दिली आहे. जनसुनावणीपूर्वी अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही द्यावा लागतो.

इथे माझ्या विषयाचा संबंध येतो. निरनिराळ्या प्रकल्पांचे असे काही सारांश मी वाचले आहेत. ते मराठीत आहेत हे लिपीवरून ओळखू येते. ‘प्रस्तावित उपशमन उपाययोजनांच्या अंमलबजावणीअंती अवशिष्ट प्रतिकूल आघात नगण्य अपेक्षित आहेत,’ अशा धाटणीची ती वाक्ये. सुनावणीला आलेल्या शेतकऱ्याचा प्रश्न एवढाच असतो, “माह्या विहिरीचं पाणी राहीन का जाईन?” उत्तर त्या ढिगाऱ्यात कुठे तरी असतेही, पण काढून देणारा कोणी नसतो. ज्याला भूजलाची पातळी कळते त्याला ‘माह्या’ कळत नाही, आणि ज्याला ‘माह्या’ कळते तो बी. ए. होऊन स्पर्धापरीक्षेला बसलेला असतो. दोन्ही कळणारी मुले गावाकडूनच येणार. शहरातल्या मोठ्या विद्यापीठांतून ती किती येतात हा प्रश्न मला ‘पुढे काय’पेक्षा मोठा वाटतो.

जीभ आणि प्रयोगशाळा यांची गाठ किती आवश्यक आहे याचा धडा आमच्या जिल्ह्याला अलीकडेच मिळाला. २०२४ संपता संपता शेगाव तालुक्यातल्या काही गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. तीन-चार दिवसांत टक्कल! म्हातारे, तरुण, बाया, लेकरे, कुणी सुटेना. आधी बोट साबणाकडे गेले, मग पाण्याकडे. पूर्णेच्या काठचा तो भाग खारपाणपट्ट्यातला. तिथल्या पाण्यात क्षार आणि नायट्रेट जास्त निघाले. पण ते काय कालच आले होते? पिढ्यान् पिढ्या लोक ते पीत आहेत आणि त्यांचे केस डोक्यावर होते. मग भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले. विंचूदंशावरच्या संशोधनाने जगभर माहीत झालेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही तपास केला आणि २०२५ च्या आरंभी सांगितले, की रोग्यांच्या रक्तात सेलेनियम नावाचे मूलद्रव्य फार आहे, आणि ते लोक खात असलेल्या रेशनच्या गव्हातही फार आहे. पाण्यावर खिळलेली नजर ताटाकडे वळली. सेलेनियमला चव नाही. ते थोडे शरीराला लागतेच. फार झाले की विष.

खारपाणपट्ट्यातल्या माणसाची जीभ पाण्याच्या बाबतीत पराकाष्ठेची हुशार असते. गोडे, मचूळ, खारे, आणि त्यांतल्याही छटा तो घोटाबरोबर सांगतो. पण जे जिभेला लागत नाही त्याला भाषेत शब्द नाही. नायट्रेटला नाही, फ्लोराइडला नाही. तिथे बाटली, रसायन आणि शिकलेले माणूस हवे.

वर सांगितलेल्या विद्यार्थिनीच्या घरी नेमके हेच झाले. जल जीवन मिशनमध्ये गावोगाव पाच-पाच बायांना पाणी तपासायला शिकवून पेट्या देण्याची योजना आहे. अशी एक पेटी मागून आणून तिने घरच्या विहिरीचे पाणी तपासले. नायट्रेटचा रंग मर्यादेच्या पार पुढे गेला. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. घरात तिच्या भावाचे तीन महिन्यांचे बाळ होते, आणि वहिनीला दूध पुरत नसल्याने त्याला पावडरचे दूध याच पाण्यात कालवून दिले जात होते. मोठ्या माणसाला नायट्रेटचा लगेच त्रास होत नाही. पण तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने कमी होते आणि मूल निळसर पडते. शहरातल्या गृहिणींनीही एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे: पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही; उलट पाणी आटेल तसे त्याचे प्रमाण वाढते.

वडिलांना हे पटेना. ते माझ्याकडे आले. कपाशी आणि मका लावणारे, दहावीपर्यंत शिकलेले, शब्दाला जपणारे गृहस्थ. “सर, आमच्या आज्यानं खांदलेली विहीर हाय. साखरेवानी पाणी. पोरगी म्हन्ते, खराब हाय.” मी म्हटले, “भाऊ, पाणी गोड आहे हे खरेच. पण तिने जे मोजले त्याला चव नसते.” विहिरीपासून उकिरडा किती लांब आहे असे विचारले. ते काही बोलले नाहीत. पण उकिरडा विहिरीच्या वरच्या अंगाला, चाळीसेक पावलांवर आहे, हे मुलीने आधीच मला सांगितले होते. शेतात युरिया पडतो तो निराळा.

मग मुख्य विषय निघाला. मुलीला पदवीनंतर एम. एस्सी.ला पर्यावरणशास्त्र घ्यायचे आहे. दोन वर्षे बाहेरगावी राहणे, वसतिगृह, खानावळ, आणि तोपर्यंत येणारी स्थळे परत पाठवणे. “हे शिकून पोरीले भेटन काय?” त्यांनी विचारले. बापाचा प्रश्न आहे, त्याला फसवे उत्तर देऊ नये. मी सांगितले की डॉक्टर-इंजिनियरासारखी वाट मळलेली नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ महाराष्ट्रात १९७० पासून आहे, पण त्याच्या जागा मोजक्या आणि त्यांना इंजिनियरांचीही गर्दी. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा आहेत. कारखाने आणि प्रकल्पांचे अहवाल करणाऱ्या खाजगी संस्था आहेत. तिथे पगार बेताचा आणि फिरणे फार. नेट परीक्षा पार केली तर कॉलेजात शिकवता येते, जागा निघाली तर. नागपूरची नीरी, जी १९५८ साली सार्वजनिक आरोग्याच्या अभियांत्रिकीची संस्था म्हणून सुरू झाली आणि १९७४ पासून पर्यावरणाची म्हणून ओळखली जाते, तिथे संशोधनाला जाता येते. पण त्याला फार चिकाटी लागते. रसायनशास्त्र पक्के हवे, आकडेशास्त्राची भीती नको. आणि मुलीला या दोन्ही गोष्टी येतात.

त्यांनी सगळे ऐकून घेतले. बरे-वाईट काही म्हणाले नाहीत. चहा घेतला आणि उठले.

हे भाद्रपदातले. पुढे मुलीकडून बातमी कळत गेली. बाळाचे दूध आता ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात कालवतात. ते तपासून पाहिले, ठीक निघाले. दसऱ्याच्या आधी वडिलांनी दोन माणसे लावून उकिरडा शेताच्या खालच्या बांधाला नेला. त्यावर घरात आजींनी दोन दिवस अबोला धरला होता, कारण उकिरड्याची जागा त्यांच्या सासूबाईंनी नेमलेली. अर्जाचे मात्र अजून काही नाही. परवा बाजारात भेटले तेव्हा मी तो विषय काढला. ते पिशवी खाली ठेवून म्हणाले, “सर, एका बाटलीवर काय ठरवता? दिवाळी होऊ द्या. पाणी खाली बसू द्या. मंग तिले म्हना, आमच्या विहिरीचं पुन्हा पाय, अन् शेजाऱ्याच्याबी विहिरीचं पाय. त्याच्याकडं उकिरडा नाही.”